वजन उतरवणारी इंजेक्शने : थांबवल्यावर काय?

मार्च २०२५ मध्ये टिर्झेपेटाइड हे औषध ‘मौंजारो’ या नावाने भारतात विक्रीला आले. जूनमध्ये सेमाग्लुटाइडचे ‘वेगोव्ही’ आले आणि डिसेंबरमध्ये त्याच औषधाचे मधुमेहासाठीचे ‘ओझेम्पिक’. तोवर ही नावे परदेशी कलाकारांच्या बातम्यांमुळेच आपल्याकडे पोहोचली होती. वर्षभरात ती डॉक्टरांच्या दवाखान्यात, जिममध्ये आणि घरगुती गप्पांत ऐकू येऊ लागली. सेमाग्लुटाइडच्या पेटंटची भारतातील मुदत मार्च २०२६ पर्यंतचीच असल्याने स्वस्त भारतीय औषधांचा मार्गही मोकळा झाला.

औषध आवाक्यात आले की विचारणा वाढते. लग्नाला चार महिने उरले आहेत, तेवढ्यापुरते घेतले तर चालेल का? दहा किलो उतरले की बंद करता येईल ना? बाळंतपणानंतर वाढलेले वजन याने लवकर जाईल का? या सगळ्या प्रश्नांमागे एक गृहीतक असते. अँटिबायोटिकचा पाच दिवसांचा कोर्स असतो, तसाच हाही एक कोर्स असणार, वजन उतरले की काम झाले, असे धरून चाललेले असते.

आतापर्यंतचे संशोधन मात्र वेगळे सांगते. ही औषधे प्रभावी आहेत, आणि त्यांचा परिणाम मुख्यतः ती चालू असेपर्यंतच टिकतो. त्यामुळे ‘किती किलो उतरेल’ याच्या आधी ‘मला याची खरोखर गरज आहे का, आणि किती काळ घेता येईल’ हे विचारायला हवे. फायदा, त्रास आणि खर्च या तिन्हींचा हिशेब या उत्तरावर अवलंबून आहे.

दोन मिनिटांचे संप्रेरक

जेवण आतड्यात पोहोचले की आतड्यातील पेशी ‘जीएलपी-१’ नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. ते तीन ठिकाणी काम करते. स्वादुपिंडाला ते इन्शुलिन सोडायला सांगते, तेही रक्तातील साखर वाढलेली असेल तेव्हाच. जठर रिकामे होण्याचा वेग ते कमी करते. आणि मेंदूतील भूक-तृप्तीच्या केंद्रांना ‘आता पुरे’ असा निरोप देते. अडचण एवढीच, की शरीरात तयार होणारे हे संप्रेरक दोनेक मिनिटांत निम्मे नष्ट होते. त्यामुळे ते जसेच्या तसे औषध म्हणून वापरणे शक्य नव्हते.

या कोड्याचे पहिले उत्तर एका सरड्याने दिले. अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागात आणि मेक्सिकोत ‘गिला मॉन्स्टर’ नावाचा विषारी सरडा आढळतो. न्यूयॉर्कमधील डॉ. जॉन एंग यांना १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच्या विषात जीएलपी-१सारखाच एक पदार्थ सापडला. तो शरीरात बराच अधिक काळ टिकत होता. त्यावरून तयार झालेल्या एक्सेनाटाइडला अमेरिकेत २००५ मध्ये मधुमेहासाठी मान्यता मिळाली. ते दिवसातून दोनदा टोचावे लागे.

पुढची औषधे मानवी संप्रेरकातच बदल करून तयार झाली. लिराग्लुटाइड रोज एकदा घ्यायचे होते. सेमाग्लुटाइडच्या रेणूला मेदाम्लाची एक साखळी जोडल्यामुळे ते रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहते आणि आठवड्यातून एकदा टोचले तरी पुरते. टिर्झेपेटाइड जीएलपी-१बरोबरच ‘जीआयपी’ या आतड्यातल्या दुसऱ्या संप्रेरकाचेही काम करते. जीएलपी-१च्या शोधाबद्दल आणि त्यावरून औषध घडवल्याबद्दल जोएल हॅबेनर, स्वेतलाना मोयसोव्ह आणि लोट्टे ब्येर्रे क्नुडसेन यांना २०२४चा लास्कर पुरस्कार मिळाला.

औषध घेणाऱ्यांना जाणवणारा मोठा बदल मनाशी संबंधित असतो. पोट भरले तरी मन भरत नाही, फ्रीज पुन्हा पुन्हा उघडला जातो, जेवताना पुढच्या खाण्याचा विचार सुरू असतो, हा अनुभव अनेकांना वर्षानुवर्षे असतो. औषध सुरू झाल्यावर हा खाण्याचा धोशा कमी होतो, असे बरेच रुग्ण सांगतात. वजन वाढणे म्हणजे केवळ जिभेवर ताबा नसणे, ही समजूत त्यामुळे मोडीत निघते. भुकेमागे शरीरातले रसायनशास्त्र असते आणि ते प्रत्येकात सारखे नसते.

किती वजन उतरते?

सेमाग्लुटाइडच्या २.४ मिलिग्रॅम साप्ताहिक डोसची मोठी चाचणी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. मधुमेह नसलेल्या १,९६१ स्थूल किंवा जास्त वजनाच्या व्यक्ती तिच्यात होत्या. ६८ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्क्यांनी उतरले, तर नुसत्या पाण्यासारखे निष्क्रिय इंजेक्शन घेणाऱ्यांचे २.४ टक्क्यांनी. म्हणजे ९० किलोच्या माणसाचे सरासरी तेरा किलोच्या आसपास. टिर्झेपेटाइडच्या २,५३९ जणांवरील चाचणीत ७२ आठवड्यांत सर्वांत मोठ्या डोसला सरासरी २०.९ टक्के घट झाली. २०२५ मध्ये दोन्ही औषधांची थेट तुलना प्रसिद्ध झाली, तेव्हा टिर्झेपेटाइडने २०.२ टक्के आणि सेमाग्लुटाइडने १३.७ टक्के वजन उतरल्याचे दिसले.

हे आकडे वाचताना तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात. पहिली, ही सरासरी आहे. सेमाग्लुटाइडच्या त्या चाचणीत साधारण सातांपैकी एकाचे वजन पाच टक्केही उतरले नाही. दुसरी, मधुमेह असलेल्यांमध्ये घट कमी होते. त्यांच्यावरील स्वतंत्र चाचणीत त्याच डोसला ती सरासरी ९.६ टक्के होती. तिसरी, या चाचण्यांत सर्वांनाच कमी उष्मांकाचा आहार आणि आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम यासाठी नियमित समुपदेशन मिळत होते. पथ्य सोडून केवळ सुईवर विसंबले, तर हेच आकडे मिळतील असे मानता येत नाही.

वजनकाट्यापलीकडचा फायदा

या औषधांकडे डॉक्टर गांभीर्याने पाहू लागले, त्यामागचे कारण केवळ किलोंचे नाही. हृदयविकार असलेल्या, पण मधुमेह नसलेल्या १७,६०४ जास्त वजनाच्या व्यक्तींवर सेमाग्लुटाइडचा अभ्यास झाला. त्याचे निष्कर्ष २०२३ मध्ये आले. सरासरी सव्वातीन वर्षांत हृदयविकाराने मृत्यू, हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांपैकी काही घडण्याचे प्रमाण औषध न मिळालेल्यांत ८ टक्के, तर औषध घेणाऱ्यांत ६.५ टक्के होते. जाहिरातीच्या भाषेत धोका २० टक्क्यांनी घटला. साध्या भाषेत, एवढा काळ औषध घेणाऱ्या शंभर जणांमागे एक-दोघांवरचे संकट टळले. आधीच हृदयविकार असलेल्यासाठी हा फायदा मोलाचा आहे. हृदय धडधाकट असलेल्या तरुणाने तो स्वतःला लागू करून घेणे चुकीचे ठरेल.

मधुमेहासोबत मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांच्या अभ्यासात सेमाग्लुटाइडमुळे मूत्रपिंड निकामी होण्यासारख्या गंभीर घटनांचा धोका २४ टक्क्यांनी कमी आढळला. झोपेत श्वास अडखळण्याचा आजार असलेल्या स्थूल व्यक्तींमध्ये टिर्झेपेटाइडने अशा घटना तासाला २५ ते २९ वेळांनी कमी केल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने त्यासाठी मान्यता दिली. यकृतात चरबी साचून सूज आलेल्या काही रुग्णांसाठी सेमाग्लुटाइडला ऑगस्ट २०२५ मध्ये मान्यता मिळाली.

याचा अर्थ असा, की ज्यांच्या वाढलेल्या वजनाने हृदय, यकृत, मूत्रपिंड, गुडघे किंवा झोप यांवर आधीच घाला घातला आहे, त्यांना या औषधांपासून सर्वाधिक लाभ आहे. सहा किलो ‘जास्त’ वाटणाऱ्या निरोगी माणसाच्या पारड्यात फायद्याचे वजन फारच कमी पडते. त्रासाचे मात्र तेवढेच राहते.

बारीक दिसणारा, पण चरबी जास्त असणारा भारतीय

आपल्याकडे गरज कोणाला, हे ठरवताना एक वेगळा पेच आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचेच छायाचित्र आणि मोजमापे छापली. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा म्हणजे २२.३ होता. युडकिन यांच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के होती, याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाटा दोघांना एकाच मापाने मोजत होता, पण शरीरे निराळी होती.

म्हणूनच भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या पुढे जास्त वजन आणि २५ च्या पुढे स्थूलता मानली जाते. पुरुषांचा कंबरेचा घेर ९० सेंटिमीटरपेक्षा आणि स्त्रियांचा ८० सेंटिमीटरपेक्षा जास्त असेल तर तो धोक्याचा इशारा समजतात. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे, आणि ३९.५ टक्के प्रौढांमध्ये पोटाचा घेर वाढलेला आहे.

याउलट, वजन कमी करण्यासाठी ही औषधे प्रामुख्याने बीएमआय ३० किंवा त्याहून अधिक असलेल्यांना, अथवा बीएमआय २७ च्या पुढे असून सोबत रक्तदाब, मधुमेह यांसारखा आजार असलेल्यांना दिली जातात. मोठ्या चाचण्याही याच निकषांवर झाल्या. त्यामुळे बीएमआय २४ असलेल्या, सुटलेल्या पोटाच्या माणसाला आधी साखर, रक्तदाब, कोलेस्टेरॉल आणि यकृत तपासून घ्यावे लागते. धोका खरा असू शकतो, पण त्यावर पहिला उपाय इंजेक्शन असेलच असे नाही.

नेहमीचे त्रास, आणि दुर्मीळ पण गंभीर

वजनाच्या औषधांचा पूर्वेतिहास फारसा चांगला नाही. १९३०च्या दशकात अमेरिकेत वापरलेल्या डायनायट्रोफिनॉलने माणसे दगावली. फेनफ्लुरामीन हृदयाच्या झडपा खराब करते म्हणून १९९७ मध्ये मागे घेतले गेले. रिमोनाबँट मानसिक दुष्परिणामांमुळे युरोपातून गेले, सिब्युट्रामीन हृदयाच्या धोक्यामुळे २०१० मध्ये. त्यांच्या तुलनेत जीएलपी-१ गटाची औषधे मधुमेहींमध्ये २००५ पासून वापरात असल्याने त्यांचा अनुभव मोठा आहे. तरीही ती निर्धोक नाहीत.

सर्वाधिक त्रास पोटाचा. सेमाग्लुटाइडच्या चाचणीत ४४ टक्के लोकांना मळमळ, सुमारे ३२ टक्क्यांना जुलाब, २५ टक्क्यांना उलट्या आणि २३ टक्क्यांना बद्धकोष्ठता झाली. बहुतेकांचा त्रास सौम्य ते मध्यम होता. तो डोस वाढवण्याच्या काळात जास्त असतो आणि हळूहळू कमी होतो. म्हणूनच सेमाग्लुटाइड ०.२५ मिलिग्रॅमपासून सुरू करून चार-चार आठवड्यांनी वाढवत नेतात. लवकर परिणाम हवा म्हणून मधली पायरी गाळणे म्हणजे त्रासाला आमंत्रण. थोडे आणि सावकाश खाणे, तेलकट-तुपकट टाळणे आणि पोट भरताच थांबणे यांनी बराच फरक पडतो. ताटात वाढलेले टाकायचे नाही, ही आपली चांगली सवय इथे आड येते. म्हणून ताटात कमी वाढून घेणे बरे.

उलट्या-जुलाब थांबत नसतील तर शरीरातले पाणी कमी होऊन मूत्रपिंडांवर ताण येतो. झपाट्याने वजन उतरले की पित्ताशयात खडे होण्याचा संभव वाढतो. स्वादुपिंडाला सूज येणे हा दुर्मीळ, पण गंभीर धोका आहे. पोटाच्या वरच्या भागात असह्य, न थांबणारी आणि पाठीपर्यंत जाणारी कळ आली, तर पुढचा डोस न घेता तातडीने रुग्णालय गाठावे.

मधुमेहींना आणखी दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. ही औषधे एकटी घेतल्यास साखर सहसा धोकादायक पातळीपर्यंत उतरत नाही. पण ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्शुलिन सुरू असेल, तर घाम, थरथर, चक्कर अशी साखर उतरल्याची लक्षणे येऊ शकतात. भूक मंदावलेली असताना एकादशी, नवरात्र किंवा रमजानचा उपवास धरला तर हा धोका वाढतो. त्या गोळ्यांचा किंवा इन्शुलिनचा डोस डॉक्टरांकडून आधीच कमी करून घ्यावा लागतो. दुसरी गोष्ट डोळ्यांची. मधुमेहाने डोळ्याचा पडदा आधीच खराब असेल, तर साखर झपाट्याने खाली आल्यावर काही काळ तो आणखी बिघडू शकतो. त्यामुळे सुरुवातीलाच डोळे तपासणे शहाणपणाचे.

युरोपीय औषध संस्थेच्या तज्ज्ञ समितीने जून २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडच्या अतिदुर्मीळ दुष्परिणामांत एकाची भर घातली. डोळ्याकडून मेंदूकडे जाणाऱ्या नसेचा रक्तपुरवठा खंडित होऊन अचानक दृष्टी जाणे, हा तो दुष्परिणाम. दहा हजारांत एकापर्यंत असे त्याचे प्रमाण मानले गेले. एका डोळ्याने अचानक अंधूक दिसू लागल्यास उद्यावर टाकू नये. उंदीर-घुशींवरील प्रयोगांत थायरॉइडच्या विशिष्ट गाठी दिसल्या होत्या. माणसांत तसा संबंध सिद्ध झालेला नाही, तरी स्वतःला किंवा कुटुंबात कोणाला थायरॉइडचा ‘मेड्युलरी’ प्रकारचा कर्करोग झाला असेल, तर ही औषधे देत नाहीत.

गर्भारपणात ही औषधे चालत नाहीत. मूल हवे असल्यास सेमाग्लुटाइड किमान दोन महिने आधी थांबवतात. टिर्झेपेटाइडमुळे गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो. म्हणून ते सुरू केल्यावर आणि प्रत्येक वेळी डोस वाढवल्यावर चार आठवडे निरोधसारखे दुसरे साधन वापरायला सांगतात. शस्त्रक्रिया ठरली असेल तर भूलतज्ज्ञांना या इंजेक्शनची कल्पना द्यायलाच हवी. जठर सावकाश रिकामे होत असल्याने उपाशीपोटी असूनही आत अन्न शिल्लक राहू शकते आणि भुलेत ते फुप्फुसात जाण्याची भीती असते.

चरबीबरोबर स्नायूही

वजनकाट्यावर उतरलेला प्रत्येक किलो चरबीचाच नसतो. मोठ्या चाचण्यांतील शरीररचनेच्या मोजमापांनुसार उतरलेल्या वजनाचा पाव ते सुमारे चाळीस टक्के भाग चरबीव्यतिरिक्त, म्हणजे स्नायू, पाणी वगैरेंचा होता. कोणत्याही मार्गाने वजन भराभर उतरले तरी हे काही प्रमाणात होतेच. आपल्याकडे स्नायू मुळात कमी आणि आहारातली प्रथिनेही बेताची. पोळी-भाजी, आमटी-भात अशा जेवणात भूक निम्मी झाली की प्रथिनेही निम्मी होतात. साठीच्या पुढच्या माणसाला याचा फटका जिना चढताना, खाली बसून उठताना जाणवतो.

म्हणून औषध सुरू असताना ताटातला क्रम बदलावा लागतो. आधी उसळ, घट्ट वरण, दही, पनीर, अंडी किंवा मासे आणि मग भात-पोळी. वाटीभर वरणातून साधारण सहा-सात ग्रॅम प्रथिने मिळतात आणि एका अंड्यातूनही जवळपास तेवढीच. यावरून दिवसभराची बेरीज प्रत्येकाला करता येईल. मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी हे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. चालण्याच्या जोडीला आठवड्यातून दोन-तीन दिवस वजने उचलणे, रबरी पट्ट्या किंवा उठाबशांसारखे स्नायूंना ताण देणारे व्यायाम हवेत.

इंजेक्शन बंद केल्यावर

थांबवल्यावर काय होते, हेही संशोधकांनी तपासले आहे. एका चाचणीत सर्वांना वीस आठवडे सेमाग्लुटाइड दिले आणि सरासरी १०.६ टक्के वजन उतरले. नंतर काहींचे औषध सुरू ठेवले, तर काहींना त्यांच्या नकळत निष्क्रिय इंजेक्शन दिले. पुढच्या ४८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन आणखी ७.९ टक्क्यांनी उतरले. बंद झालेल्यांचे ६.९ टक्क्यांनी वाढले. दुसऱ्या एका पाठपुराव्यात औषध थांबवल्यावर वर्षभरात उतरलेल्या वजनापैकी दोनतृतीयांश वजन परत आले. रक्तदाब आणि इतर बाबींतील सुधारणाही मागे सरकल्या.

यात रुग्णाचा आळस शोधण्याचे कारण नाही. वजन उतरले की शरीर ते गमावलेले वजन परत मिळवायच्या मागे लागते. भूक वाढवणारे संदेश जोर धरतात, शरीराची ऊर्जेची उधळपट्टी कमी होते. औषध चालू असेपर्यंत हे संदेश दबलेले असतात. ते शरीरातून गेले की काही आठवड्यांत जुनी भूक परत येते. रक्तदाबाची गोळी बंद केल्यावर रक्तदाब वाढला, तर गोळी निकामी होती असे कोणी म्हणत नाही. स्थूलतेचेही तसेच आहे.

मधल्या काळात हरवलेले स्नायू मात्र आपोआप परत येत नाहीत. त्यामुळे व्यायामाशिवाय चार महिने औषध, मग खंड, पुन्हा औषध अशा फेऱ्यांत वजन तेवढेच राहूनही शरीरात चरबीचा वाटा वाढण्याची शक्यता असते. लग्नासाठी चार महिने इंजेक्शन घेण्याच्या बेतातली खरी अडचण ही आहे. फोटोत दिसणारा फायदा तात्पुरता, आणि झीज मात्र भरून काढावी लागणारी.

जागतिक आरोग्य संघटनेने डिसेंबर २०२५ मध्ये या औषधांविषयी पहिली मार्गदर्शक तत्त्वे काढली. स्थूलता हा दीर्घकालीन आजार आहे, असे मानून गर्भवती वगळता स्थूल प्रौढांना ही औषधे दीर्घकाळ देता येतील, असे त्यांत म्हटले आहे. ही शिफारस सशर्त आहे, आणि सोबत आहार-व्यायामाचे सघन मार्गदर्शन असावे, असेही संघटनेने सुचवले आहे.

खर्चाचा आणि खरेदीचा हिशेब

भारतात आले तेव्हा मौंजारोची २.५ मिलिग्रॅमची कुपी ३,५०० रुपयांना आणि ५ मिलिग्रॅमची ४,३७५ रुपयांना होती. आठवड्याला एक, म्हणजे महिन्याला १४,००० ते १७,५०० रुपये. वेगोव्हीच्या सुरुवातीच्या डोसचा महिन्याचा खर्च १७,३४५ रुपये होता. वर्षअखेरीस तो कमी करण्यात आला. पेटंट सरल्यानंतर स्वस्त पर्याय येणे हे मधुमेही आणि हृदयरुग्णांसाठी स्वागतार्हच आहे. तरीही महिन्याचा खर्च निम्मा झाला म्हणून निर्णय सोपा होत नाही. तो बारा महिन्यांनी आणि मग काही वर्षांनी गुणून पाहावा लागतो. पैसे संपले म्हणून सहाव्या महिन्यात औषध सोडणे, ही सर्वांत महागडी पद्धत आहे.

ही औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय घ्यायची नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने जून २०२४ मध्ये ब्राझील, ब्रिटन आणि अमेरिकेत सापडलेल्या बनावट ओझेम्पिकविषयी इशारा दिला होता. ब्युटी पार्लर, जिम किंवा समाजमाध्यमांवरून ‘वजनाचे इंजेक्शन’ विकत घेणाऱ्याला आत काय आहे, ते किती मात्रेत आहे आणि ते थंड ठेवले होते की नाही, यातले काहीच कळत नाही. परवानाधारक दुकानातून पक्के बिल घेऊन, बॅच क्रमांक आणि मुदत पाहूनच खरेदी करावी.

सुरू करण्याआधी विचारायचे प्रश्न

डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘किती किलो?’ एवढेच विचारून उठू नये. पुढचे प्रश्न लिहून नेले तर निर्णय नीट होतो.

• माझ्या वजनामुळे शरीराला नेमकी कोणती इजा होत आहे, आणि ती कोणत्या तपासण्यांतून दिसते?
• सध्याच्या मधुमेहाच्या, रक्तदाबाच्या गोळ्यांत काय बदल करावे लागतील?
• पित्ताशय, स्वादुपिंड, थायरॉइड किंवा डोळ्यांचा माझा आणि कुटुंबाचा इतिहास पाहता हे औषध मला चालेल का?
• किती महिन्यांत किती फरक पडला नाही, तर ते बंद करायचे?
• वजन उतरल्यावर ते टिकवण्यासाठी कोणता डोस, किती काळ? आणि थांबवायचे झाल्यास कसे?
• स्नायू टिकवण्यासाठी आहारात प्रथिने किती आणि व्यायाम कोणता?

यांतल्या शेवटच्या तीन प्रश्नांना उत्तर नसेल, तर पहिले इंजेक्शन घेण्याची घाई करू नये. वर्षानुवर्षे पथ्य पाळूनही ज्यांचे वजन हलत नव्हते आणि ज्यांना ‘तुझाच जिभेवर ताबा नाही’ असे घरीदारी ऐकावे लागत होते, त्यांच्यासाठी या औषधांनी खरा मार्ग उघडला आहे. तो लांबचा मार्ग आहे, हे सुरुवातीलाच ठाऊक असले म्हणजे पैसे, स्नायू आणि उमेद यांतले काही अर्ध्या वाटेवर सांडत नाही.